पात्राचे कपट, खेळाडूचा विश्वास : भूमिका-खेळांतील फसवणूक कशी हाताळावी

चार-सहा जणांनी एका टेबलाभोवती बसून बोलता बोलता कथा रचण्याचा जो खेळ टेबलटॉप रोलप्लेइंग गेम या नावाने ओळखला जातो, तो गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केल्यापासून रूढ झाला. या खेळात, म्हणजे मराठीत ज्याला भूमिका-खेळ म्हणता येईल त्यात, प्रत्येक खेळाडू एका पात्राच्या वतीने बोलतो आणि निर्णय घेतो. एक जण मात्र स्वतःचे पात्र न घेता परिस्थिती मांडतो, कथेतील उरलेल्या सगळ्या माणसांची सोंगे वठवतो आणि नियमांचा निवाडा करतो. खेळाडू त्याला गेम मास्टर म्हणतात, प्रस्तुत लेखात त्याचा उल्लेख सूत्रधार असा केला आहे. ज्या कृतीचे फळ आधी सांगता येत नाही तिच्यासाठी फासा टाकतात. खेळाडूंची पात्रे बहुधा एकाच टोळीची, एकाच मोहिमेवरची असतात, आणि याच कारणाने त्यांपैकी एका पात्राने दुसऱ्याला फसवले की जी अडचण उभी राहते, ती पत्त्यांच्या किंवा सोंगट्यांच्या खेळात सहसा येत नाही.

तीन पत्तीत हूल देणाऱ्यावर कोणी रुसत नाही, कारण हूल हाच त्या डावाचा जीव आहे हे पाने वाटण्यापूर्वीच सर्वांनी मान्य केलेले असते. ॲलन कॅलहॅमर यांनी १९५९ साली बाजारात आणलेल्या ‘डिप्लोमसी’ या पटावरील खेळात सात खेळाडू एकमेकांशी तह करतात आणि सोयीनुसार मोडतात. दिमित्री डेव्हिडॉफ यांनी १९८६ साली मॉस्कोत रचलेल्या ‘माफिया’त तर कोण खोटे बोलतो हे ओळखणे एवढेच काम असते. या खेळांत फसवणुकीची परवानगी नियमातच दिलेली असते आणि तिचा हिशेब त्याच बैठकीत संपतो. भूमिका-खेळाचे तसे नाही. एकच पात्र महिनोन्‌महिने, कधी वर्ष-दोन वर्षे खेळले जाते, खेळाडूचा जीव त्यात गुंततो, आणि सोबतच्या पात्रांवर टाकलेला विश्वास हा त्या गुंतवणुकीचा मोठा भाग असतो. अशा ठिकाणी कोणालाही न विचारता केलेला दगा हा पात्राच्या पाठीत खुपसलेला सुरा न राहता त्या पात्रामागच्या माणसाला लागतो. त्याने दिलेला वेळ आणि रंगवलेले प्रसंग आपल्याला माहीत नसलेल्या वेगळ्याच खेळासाठी वापरले गेले, असे त्याला वाटते, आणि तसे वाटणे गैर नसते.

म्हणून सर्व मार्गदर्शनाचा पाया असा ठेवावा लागतो की पात्राने पात्राला हवे तितके फसवावे, परंतु या खेळात फसवणूक होऊ शकते ही गोष्ट कोणाही खेळाडूपासून लपवू नये. गुपित काय आहे ते लपवता येते. गुपित असू शकते हे लपवता येत नाही. तमाशातील वगाला आलेला प्रेक्षक याच व्यवस्थेचा आनंद घेत असतो. प्रधान कट रचतो तेव्हा राजाला त्याचा पत्ता नसतो, परंतु समोर बसलेल्यांना सगळे ठाऊक असते, आणि राजा प्रधानाच्या गळ्यात हात घालतो तेव्हा हशा व हळहळ दोन्ही त्या माहितीमुळेच उसळतात. भूमिका-खेळात प्रेक्षक आणि नट एकच असल्याने ही सोय आपोआप मिळत नाही. ती खेळ सुरू होण्यापूर्वी बोलून करून घ्यावी लागते.

फसवणुकीचे सगळे प्रकार एका मापाने मोजू नयेत. पात्राने आपला भूतकाळ लपवणे, खोटे नाव सांगणे, तुरुंगातून पळून आल्याचे न सांगणे हे निरुपद्रवी तर असतेच, शिवाय कथेला उपकारकही असते, कारण असे गुपित उघडे पडले तरी सोबत्यांचे काही हिरावले जात नाही. वेगळे उद्दिष्ट बाळगणे, म्हणजे सगळे खजिना शोधत असताना एकाने त्यातली एकच वस्तू आपल्या धन्यासाठी हेरून ठेवणे, हा प्रकार मध्यम प्रतीचा. सूत्रधाराला तो माहीत असला आणि वेळ येताच उघड होण्याची सोय असली की तो चालतो. सोबत्यांच्या पिशवीतून चोरी करणे हा तिसरा प्रकार मात्र सरळ बंद करावा. चोराचे कौशल्य अंगी असलेले पात्र घेतले म्हणून मित्राच्याच पात्राची मोहरांची थैली मारणारा खेळाडू जवळपास प्रत्येक गटात एकदा तरी निघतो, आणि त्यातून कथा अशी कधी निघत नाही. निघते ती फक्त कटकट, पुढच्या प्रत्येक बैठकीत आपापल्या सामानाच्या याद्या तपासण्याची. चौथा प्रकार उघड विश्वासघाताचा, म्हणजे एका पात्राने बाकीच्यांना शत्रूच्या हवाली करण्याचा. तो सर्वांत अवघड आणि नीट साधला तर सर्वांत संस्मरणीय असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्यालाच धरून केले आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक खेळ डोळ्यांसमोर ठेवणे बरे. परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे तालुक्याचे ठिकाण मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील जंक्शन आहे आणि हिंगोली, वाशीम, अकोल्याकडचा फाटा तेथून फुटतो. १९४८ साली ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला होता, तरी कासीम रझवीच्या रझाकारांचा धुमाकूळ वाढत होता, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता, आणि तिचे कार्यकर्ते संस्थानाच्या हद्दीबाहेर वऱ्हाडातील उमरखेडसारख्या ठिकाणी कॅम्प उभारून आतल्या गावांशी संधान ठेवून होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. या काळात कोण कोणाचा आहे हा प्रश्न खरोखरीच जिवावरचा होता, आणि रेल्वेचे जंक्शन, जिथे चारही दिशांची माणसे, पार्सले आणि निरोप येऊन मिळतात, हे अशा कथेसाठी शोधून सापडणार नाही असे स्थळ आहे.

कल्पना अशी की ऑगस्ट १९४८ मधील एका संध्याकाळी चार पात्रांना एक पुडके हिंगोलीच्या गाडीने पुढे रवाना करायचे आहे. रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन गणपत, लोकोशेडमधला फिटर रहीम मिस्त्री, शाळेतले देशपांडे मास्तर आणि फलाटावर दही-दूध विकणारी गंगाबाई अशी ही चार काल्पनिक माणसे. गणपतचा धाकटा भाऊ कोठडीत आहे आणि त्याला सोडवण्याच्या बोलीवर गणपतने पोलिसांना पुडक्याची खबर देण्याचे कबूल केले आहे. दगा देणाऱ्याला असे कारण देणे ही पहिली अट समजावी. जो केवळ दुष्ट आहे त्याचा दगा उघडा पडला की बाकीच्यांना त्याला मारण्याखेरीज काही करता येत नाही. ज्याचा भाऊ कोठडीत आहे त्याच्याशी बोलता येते, त्याला शिव्या देता येतात, त्याच्या भावाला सोडवण्याची दुसरी वाट शोधता येते.

दुसरी अट याच काळाने घालून दिली आहे. फितूर कोण हे पात्राच्या धर्मावरून किंवा जातीवरून ताडता येईल अशी रचना करू नये. ती इतिहासाशीही प्रामाणिक ठरत नाही आणि खेळणाऱ्यांना एकमेकांसमोर अवघडून टाकते. भारतात विलीन होण्याची बाजू घेतली म्हणून ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्येच हैदराबादेत हत्या झाली, ही गोष्ट सूत्रधाराने आरंभीच सांगून टाकावी. उर्दू वाचता येणे हीसुद्धा संशयाची खूण ठरत नाही, कारण संस्थानाचा कारभार उर्दूत चाले आणि शिकलेल्या मराठी माणसाला ती येत असे.

आता हा दगा टेबलावर आणायचा कसा? त्याच्या दोन वाटा आहेत आणि त्यांतली पहिली नवख्या गटांनी डोळे झाकून घ्यावी. ती म्हणजे उघड्या गुपिताची: गणपत फितूर आहे हे चारही खेळाडूंना पहिल्यापासून माहीत असते, फक्त उरलेल्या तीन पात्रांना ते माहीत नसते. यात गंमत काय उरली, असे प्रथम वाटते. प्रत्यक्षात प्रसंग असा घडू शकतो. गणपत खेळणारा म्हणतो, “गणपत मास्तरांना सांगतो, हिंगोलीची गाडी आज तासभर उशिरा सुटणार. हे खोटं आहे. पोलिसांना पोचायला वेळ हवाय म्हणून तो असं बोलतोय.” मास्तर खेळणारी विचारते, “बोलताना तो मास्तरांकडे बघतोय का?” “नाही. कंदिलाची काच पुसतोय, पुसलेलीच परत पुसतोय.” यावर ती क्षणभर थांबते आणि म्हणते, “मास्तरांना वाटतं, भावाच्या काळजीनं पोराचं चित्त थाऱ्यावर नाही. ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, गणपत, घाबरू नकोस, तुझ्या भावाचं मी बघतो.” फसणाऱ्या पात्राच्या खेळाडूने जाणूनबुजून निवडलेला हा खांद्यावरचा हात कोणत्याही फाशाने मिळाला नसता. जिला खोटे ठाऊक आहे तिनेच ते खरे मानण्याचे ठरवले, आणि आता गणपतच्या खेळाडूला आपल्या पात्राचा निर्णय पुन्हा तोलावा लागणार आहे.

युरोपातील, विशेषतः उत्तरेकडील देशांतील, अंगावर वेष चढवून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांच्या परंपरेत या पद्धतीचा बराच विचार झाला असून तेथे तिला पारदर्शकता म्हणतात. जेसन मॉर्निंगस्टार यांचा ‘फियास्को’ हा २००९ सालचा खेळ याच तत्त्वावर बेतलेला दिसतो; त्यात सूत्रधार नसतो, पात्रांचे परस्परसंबंध आणि हाव सगळ्यांसमोर मांडलेली असते, आणि सगळे फसणार हे जाणूनच खेळाडू आपल्या पात्राला खड्ड्याकडे नेतात. पात्राला ठाऊक नसलेली माहिती खेळाडूने पात्राच्या फायद्यासाठी वापरणे, ज्याला खेळाडू मेटागेमिंग म्हणतात, त्याचा बाऊ बहुतेक गटांत होतो. उघड्या गुपितात त्याची भीती उलट कमी होते, कारण माहिती सर्वांकडे असल्याने ती कोणी कशी वापरली हेही सर्वांना दिसत असते.

दुसरी वाट खऱ्या गुपिताची. रहस्यकथेची आवड असलेल्या गटाला पहिली वाट अळणी वाटते, आणि फितूर कोण हे शेवटपर्यंत न कळण्यातला थरार खराच असतो हे मान्य केले पाहिजे. पण येथे पूर्वतयारी जास्त लागते. खेळाची पहिली बैठक, जिला सेशन झीरो असे नाव पडले आहे आणि जिच्यात खेळ न खेळता केवळ खेळाविषयी बोलतात, तीत सूत्रधाराने स्पष्ट विचारावे: चौघांपैकी एक जण फितूर असू शकेल, असा खेळ चालेल का? एकानेही नको म्हटले तर तो विषय तेथेच मिटवावा आणि कारण विचारू नये. घरात किंवा कामाच्या ठिकाणी नुकताच विश्वासघात सोसलेला माणूस चारचौघांत कारण सांगणार नाही. कोणते प्रसंग मुळीच नकोत आणि कोणते पडद्याआड उरकायचे, हे ठरवण्याची रीत रॉन एडवर्ड्स यांनी सुचवली होती. तिचा उपयोग येथेही होतो. पूर्णा जंक्शनच्या खेळात कोठडीतील मारहाण पडद्याआड राहील एवढे ठरले तरी अर्धे काम झाले. खेळ चालू असताना कोणालाही स्पष्टीकरणाविना प्रसंग थांबवता यावा म्हणून जॉन स्टाव्रोपुलोस यांनी सुचवलेले एक्स-कार्ड, म्हणजे फुली मारलेला साधा कागद, टेबलाच्या मध्यावर ठेवावे. ते वापरले गेले नाही तरी त्याचे असणे पुरेसे असते.

खऱ्या गुपिताचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे चिठ्ठी. सूत्रधाराने एकाच खेळाडूला तीनदा चिठ्ठी दिली, किंवा तीनदा दाराबाहेर नेऊन कुजबुज केली, की बाकीच्यांना काही शोधायचे उरत नाही. व्हॉट्सॲपवर निरोप पाठवला तरी ज्याचा फोन वाजतो त्याच्याकडे सगळे बघतात. त्यामुळे ठरावीक वेळाने सर्वांना चिठ्ठी द्यावी. रहीम मिस्त्रीच्या चिठ्ठीत “तुझ्या हाताला आज वंगणाचा वास जरा जास्तच येतोय” एवढेच असले तरी हरकत नाही. त्याने ती वाचून गंभीर चेहऱ्याने घडी करून ठेवली म्हणजे झाले. काही चिठ्ठ्यांत छोटी, खरी, पण निरपराध गुपिते असावीत. उदाहरणार्थ, मास्तरांच्या खिशात कलदार रुपये आहेत. हैदराबाद संस्थानात निजामाचे हाली चलन चालत असल्याने इंग्रजी राज्याचा कलदार रुपया जवळ असणे म्हणजे हद्दीपलीकडे संबंध असणे, आणि तो दिसला की संशय मास्तरांवर जाणार. खुलासा साधा आहे: कॅम्पने खर्चासाठी ते पैसे पाठवले होते आणि कोणाला न सांगण्याची ताकीद दिली होती. अशी चुकीच्या दिशेने नेणारी खूण प्रामाणिक असावी लागते, म्हणजे उलगडल्यावर ऐकणाऱ्याला आपण फसवलो गेलो असे न वाटता आपण घाई केली असे वाटावे.

खऱ्या खुणांच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. रहस्य उलगडण्यासाठी किमान तीन स्वतंत्र खुणा पेराव्यात, कारण खेळाडू एक चुकवतात आणि दुसरीचा भलताच अर्थ लावतात, हा अनुभवी सूत्रधारांचा संकेत येथेही पाळावा. गणपतला गरज नसताना पुडके कोणत्या डब्यात ठेवणार हे त्याने विचारणे, त्याच्या भावाला कोठडीत अचानक घरचा डबा पोचू लागल्याचे गंगाबाईला कळणे, आणि गाडी वेळेवर असल्याचे लोकोशेडमध्ये रहीमच्या कानी येणे, या तिन्ही खुणा वेगवेगळ्या पात्रांच्या हाती पडाव्यात. मग त्या तिघांना एकमेकांशी बोलल्यावाचून सत्य सापडत नाही, आणि फितुराचा शोध हा फितुराइतकाच बाकीच्यांचा खेळ होतो. खुणाच नसलेला दगा शेवटच्या क्षणी उघड करणारा सूत्रधार कथा लिहीत असतो. बाकीच्यांना त्याने नुसते ऐकायला बोलावलेले असते.

यानंतर फाशाचा प्रश्न येतो आणि तेथे बरेच गट घसरतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ सालच्या आवृत्तीत खोटे बोलणाऱ्याचे डिसेप्शन हे कौशल्य आणि ऐकणाऱ्याचे इनसाइट, म्हणजे समोरच्याचे मन ओळखण्याचे कौशल्य, यांची वीस बाजूंच्या फाशावर तुलना केली जाते. सूत्रधाराने रंगवलेल्या फौजदाराला थाप मारायची असेल तर ही रीत उत्तम आहे. दोन खेळाडूंच्या पात्रांमध्ये मात्र ती दोन्हीकडून तोकडी पडते. फासा टाकायला लावला म्हणजे काहीतरी खोटे आहे हे ऐकणाऱ्याला कळतेच, आणि तो हरला तर आता तुझ्या पात्राने हे खरे मानले पाहिजे असे त्याला सांगावे लागते. आपल्या पात्राने काय मानावे हा खेळाडूचा शेवटचा हक्क आहे. तो फाशाने काढून घेतला की त्याच्या हाती काहीच राहत नाही. अधिक बरे असे की फाशाने मत न ठरवता माहिती द्यावी. गंगाबाईच्या खेळाडूने सतरा टाकले तर सूत्रधाराने गणपत खोटारडा आहे असे न सांगता “तो भावाचं नाव निघालं की विषय बदलतो” एवढेच सांगावे, आणि तिने चार टाकले तर “त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही” म्हणावे. विश्वास ठेवायचा की नाही हे तिने ठरवावे. फासा टाकल्याचाच सुगावा लागू नये असे वाटल्यास पॅसिव्ह इनसाइट, म्हणजे दहा अधिक त्या पात्राचा या कौशल्याचा अधिकांक, हा आकडा सूत्रधाराने आधीच लिहून ठेवावा आणि मुकाट्याने तुलना करावी.

नियमांतच अविश्वास बसवलेल्या काही खेळांचा अभ्यास सूत्रधाराला उपयोगी पडतो. १९८४ साली आलेल्या ‘पॅरानॉइया’त प्रत्येक पात्र गुप्तपणे राजद्रोही असते आणि सोबत्यांचा राजद्रोह वर कळवण्यात सगळे गुंतलेले असतात, मात्र एका पात्राच्या सहा प्रती मिळत असल्याने मरण हे विनोदी ठरते आणि दगा मनाला लागत नाही. टिमोथी क्लाइनर्ट यांच्या ‘द माउंटन विच’ या खेळाची जपानी रोनिनांची गोष्ट अधिक गंभीर आहे: प्रत्येकाचे एक काळे गुपित असते आणि खेळाडू एकमेकांच्या पात्रांना विश्वासाचे गुण देतात, जे मदतीलाही वापरता येतात आणि दग्यालाही. ज्याच्यावर जास्त विश्वास टाकला त्याच्याच हाती जास्त बळ जाते, ही युक्ती कोणत्याही खेळात उसनी घेण्याजोगी आहे. पूर्णा जंक्शनमध्ये प्रत्येकाला तीन चिंचोके देऊन ते इतरांना वाटायला सांगावे. गणपतकडे किती साठले, ते शेवटी त्याच्या खेळाडूला मोजावे लागतील.

दगा उघडा पडण्याचा क्षण सूत्रधाराने नशिबावर सोडू नये. तो शेवटच्या बैठकीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत आला तर बाकीच्यांना उत्तर द्यायला जागाच उरत नाही आणि ते हात चोळत घरी जातात. खेळाचा साधारण एक-तृतीयांश भाग शिल्लक असताना तो यावा, म्हणजे पुडके वाचवणे, गणपतला पकडणे, माफ करणे किंवा त्याच्याकडूनच पोलिसांना उलटी खबर देववणे, असे सगळे मार्ग खुले राहतात. उघड झाल्यानंतर गणपतच्या खेळाडूचे काय, हेही आधीच ठरलेले असावे. पात्र सूत्रधाराच्या ताब्यात जाईल आणि तो नवे पात्र घेईल, की तेच पात्र प्रायश्चित्ताच्या वाटेने पुढे खेळेल, याचे उत्तर त्याला पहिल्या दिवशी माहीत असले म्हणजे तो पकडले जाण्याच्या भीतीने खेळ लांबवत बसत नाही. फितुराची भूमिका कोणाला द्यावी, याविषयीचा सल्ला उफराटा वाटेल: जो ती मागतो त्याला शक्यतो देऊ नये. ती अशाला द्यावी, ज्याला हरण्यात कमीपणा वाटत नाही.

काही वेळा सगळी खबरदारी घेऊनही एखादा खेळाडू अचानक, कोणाशी न बोलता, सोबत्यांना बुडवतो आणि जाब विचारला की “मी काय करू, माझं पात्रच तसं आहे” असे उत्तर देतो. हे उत्तर मान्य करू नये. पात्र त्यानेच निवडले, त्याचा स्वभावही त्यानेच लिहिला, आणि तसल्या स्वभावाच्या माणसालाही त्या क्षणी करता येण्याजोग्या चार गोष्टींतली हीच त्याने उचलली. सूत्रधाराने अशा वेळी खेळ थांबवावा, कृती घडलीच नाही असे धरून प्रसंग मागे न्यावा आणि मगच बोलणे करावे. घडून गेलेले रद्द करणे कथेच्या दृष्टीने कुरूप दिसते, हे खरे. गट मोडण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

दग्याची बैठक संपल्यावर लगेच पांगू नये. चहा ठेवावा, आणि सर्वांनी पात्रांची नावे सोडून आपापल्या नावाने बोलावे. गणपतच्या खेळाडूने कोणकोणत्या वेळी खोटे बोलताना आपली तारांबळ उडाली ते सांगावे, फसलेल्यांनी आपल्याला कधी संशय आला होता ते सांगावे. खेळातील भावना खेळाबाहेर झिरपतात, हे जाणत्या खेळाडूंनी केव्हाच ओळखले आहे, आणि त्या झिरपण्याला वाट करून देण्याचा याहून साधा उपाय नाही. कोणी गप्पच राहिला तर त्याला तेथे बोलते करण्याचा हट्ट धरू नये. सूत्रधाराने दुसऱ्या दिवशी एकट्याने त्याच्याशी बोलावे.

मोठ्या शहरात एक गट फाटला तर दुसरा शोधता येतो, तेथे या खेळांची दुकाने आणि ओळखीपाळखीही असतात. पूर्णा, मानवत, वसमत यांसारख्या गावांत भूमिका-खेळ खेळणारे पाच जण एकत्र आले तर तेच पाच जण असतात. ते एकाच शाळेत शिकलेले असतात, त्यांची घरे एकमेकांना ओळखतात, आणि टेबलावरचा रुसवा उद्या स्टेशन रोडवर पुन्हा समोर येतो. अशा गटाने पहिला दगा लांबलचक मोहिमेत आणू नये. एका संध्याकाळी, तीन-चार तासांत संपणारा, पुन्हा कधीही न वापरायच्या पात्रांचा खेळ त्यासाठी राखून ठेवावा, तोही उघड्या गुपिताचा, आणि तो पचला तरच पुढच्या खेपेस चिठ्ठ्या काढाव्यात. पूर्णा जंक्शनच्या खेळाला तर शेवटची तारीख इतिहासानेच दिली आहे, १७ सप्टेंबर. त्या दिवशी चारही पात्रे कोठे आहेत हे प्रत्येकाने एकेका वाक्यात सांगितले की खेळ आटोपतो. ज्या गटात दोघांमध्ये पैशांवरून किंवा जमिनीवरून खरेच बोलणे बंद आहे, त्या गटाने मात्र हा खेळ मांडूच नये, सूत्रधार कितीही कसलेला असला तरी.